"मी तर मामाकडेच होतो ना?"

*आक्का, भुसावळहून लिहितेय. आमचे हे रेल्वेत आहेत, माणूस चांगला, व्यसन नाही, फक्त मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडच्या फुटबॉल क्लबचं वेड, शाळेपासूनचं. 21 मे 2025 च्या रात्री युरोपा लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या दुसऱ्या नंबरच्या स्पर्धेची, फायनल होती, आपल्याकडे साडेबाराला सुरू झाली, टॉटनहॅमकडून 1-0 ने हरले आणि तेव्हापासून घरात सुतक. रिमोट भिंतीवर आपटला. दोन दिवस धड जेवले नाहीत, शेवभाजी केली तरी ताटाला हात नाही, मित्रांचा ग्रुप सोडला, ड्युटीवरून आले की भिंतीकडे तोंड करून झोपायचं. सासूबाई म्हणतात नजर लागली. मुलाचा तसा त्रास नाही, सात वर्षांचा आहे, मॅच लागली की आपणहून किचनमध्ये येऊन बसतो. एप्रिलमध्ये फ्रान्सच्या लिऑन क्लबबरोबरच्या मॅचला तो रात्री पाणी प्यायला उठला आणि नेमके तेव्हाच गोल खाल्ले, हे ओरडले "जा रे पनवती आत", तो गेला आणि युनायटेडने तीन गोल मारले, तेव्हापासून घरात तसं ठरूनच गेलंय. फायनलला तर तो यावलला मामाकडे होता. सकाळी फोनवर मलाच विचारतो, "हरले का? पण मी तर मामाकडेच होतो ना?" म्हटलं हो रे बाबा, तू आंबे खा. तर आक्का, या माणसाचं वेड कसं उतरवू? डिशचा रिचार्जच बंद करून टाकू का?*

पोरी, रिचार्जचं राहू दे बाजूला. नवरा दोन दिवस जेवला नाही ना, तिसऱ्या दिवशी जेवला असेल, नसेल तर चौथ्या दिवशी जेवेल, धडधाकट माणूस आहे. हरल्याचं दुःख मला कळतं गं. मी 1986 च्या वर्ल्डकपपासून फुटबॉल बघतेय, आमच्या गल्लीत एकाच घरी टीव्ही होता, ब्लॅक अँड व्हाइट, आणि मॅराडोनाला बघायला अख्खी गल्ली रात्री त्यांच्या अंगणात गोधड्या टाकून बसायची. आपली टीम हरली की पोटात कसा गोळा येतो ते मला माहितीये. आणि युनायटेडवाल्यांचं या वर्षी खरंच वाईट झालं, इंग्लंडच्या लीगमध्ये 38 पैकी 18 मॅच हरले, 15 व्या नंबरवर राहिले, याच टॉटनहॅमकडून एका सीझनमध्ये चार वेळा हरले आणि त्यातली चौथी नेमकी फायनल, ती जिंकले असते तर निदान चॅम्पियन्स लीगमध्ये, युरोपातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत, तरी गेले असते, तेही गेलं. माणूस दोन दिवस तोंड पाडून बसला तर बसू दे. मी त्याला त्याबद्दल एक शब्द बोलणार नाही.

मला बोलायचंय ते तुझ्याशी.

"मी तर मामाकडेच होतो ना?" ही ओळ तू पत्रात अशी लिहून टाकलीस जसा आपण दुधाचा हिशोब लिहितो. परत वाच ती. पोरगं सकाळी उठलंय, मामाच्या घरी आहे, सुट्टी आहे, आंबे आहेत, आणि तोंड धुवायच्या आधी त्याला फोन करायचाय. गोल कोणी मारला हे त्याने विचारलं नाही, पप्पा कसे आहेत हे पण नाही. आपण कुठे होतो ते सांगितलं त्याने. फौजदारासमोर उभा केलेला माणूस कसा सांगतो, साहेब मी तर त्या दिवशी गावातच नव्हतो, अगदी तसं. सात वर्षांच्या पोराला असं कधी सांगावं लागतं? आळ आपल्यावरच येणार हे त्याला पक्कं माहीत असतं तेव्हा. रात्रभर झोपला तरी असेल का गं तो नीट? आणि तू म्हणालीस आंबे खा.

राग येऊ दे माझा, पण नवऱ्याने ते रागात एकदा म्हटलं, रात्रीचे तीन वाजत आले असतील, टीम 2-4 ने मागे, तोंडातून गेलं. चुकलंच त्याचं. पण त्याच्यानंतर प्रत्येक मॅचला ते लेकरू कुठे येऊन बसत होतं? तुझ्या किचनमध्ये, तुझ्या ओट्याशेजारी. तू कणीक मळत होतीस, फोडणी देत होतीस, आणि तो तिथे खाली पाय दुमडून बसलेला तुला दिसत होता. एकदा तरी हात पुसून म्हणालीस का, चल रे, बाहेर बसू आपण? नाही म्हणालीस. बाहेर नवरा शांत, आत पोरगं शांत, तुला सोयीचं झालं. "मुलाचा त्रास नाही" असं लिहिलंस तू, पोरी. त्याने स्वतःलाच उचलून बाजूला ठेवून दिलंय, मग कसला होईल त्रास?

आता त्या लिऑनच्या मॅचचं सांगते कारण सगळं तिथून सुरू झालंय आणि तुमच्या घरात ती मॅच कोणीच नीट बघितलेली दिसत नाही. लिऑनचा तोलिसो 89 व्या मिनिटाला रेड कार्ड घेऊन बाहेर गेला होता. म्हणजे पूर्ण एक्स्ट्रा टाइम, 90 मिनिटांनंतरचा जादा अर्धा तास, ते दहाच जण खेळत होते, दोन गोल त्यांनी मारले खरे पण नंतर पाय उचलत नव्हते त्यांचे, आणि युनायटेडच्या कोचने मॅग्वायरसारखा उंचापुरा डिफेंडर सरळ पुढे नेऊन स्ट्रायकर करून उभा केला. 114 व्या मिनिटाला युनायटेडच्या ब्रूनोची पेनल्टी, 120 व्याला त्यांच्याच मेनूचा गोल, आणि लगेच त्या मॅग्वायरचंच हेडर, 5-4. हे असं झालं. तुझं पोरगं पाणी प्यायला उठलं होतं कारण एप्रिलमध्ये भुसावळात रात्री तीनला पण घसा कोरडा पडतो, बस. ते पाणी पिऊन तिथेच उभं राहिलं असतं तरी मॅग्वायरची उंची काही कमी झाली नसती.

आणि ही पनवती लावायची खोड काही आपल्याच घरातली नाही. 1950 चा वर्ल्डकप ब्राझील आपल्याच घरी, माराकाना स्टेडियममध्ये उरुग्वेकडून 2-1 ने हरलं, गोलकीपर होता मोआसिर बार्बोसा. देशाने सगळं त्याच्या माथी मारलं. 1993 मध्ये, म्हणजे 43 वर्षांनी, तो म्हातारा माणूस ब्राझीलच्या टीमला भेटायला त्यांच्या कॅम्पवर गेला तर त्याला भेटू दिलं नाही, अपशकुन नको म्हणून! 2000 साली वारला, तोवर ते त्याच्या अंगावरून उतरलं नाही. तो तर निदान मैदानात होता गं. आपलं लेकरू यावलला होतं.

मला हे इतकं का लागलं ते पण सांगते. मी अमळनेरकडची. मी जन्मले त्या साली आमची विहीर आटली आणि एक बैल गेला. आजी म्हणायची, "पांढरा पायनी शे ही पोर." आजी वाईट नव्हती, तिनेच मला न्हाऊमाखू घातलं, खापरावरची पहिली पुरणपोळी मलाच द्यायची. पण आबा बाजाराला नाहीतर कोणाच्या सोयरिकीला निघाले की ती माझा हात धरून मला मागच्या दारी नेऊन उभी करायची, समोर पडायला नको म्हणून. काही दिवसांनी हात धरायची गरजच राहिली नाही. आबांनी गाडीला बैल जोडायला घेतले की मी आपणहून उठून चुलीमागे जायची. आणि माझी आई शेजारणींना सांगायची, पोर शहाणी आहे हो, मध्येमध्ये करत नाही.

तुझं पत्र वाचताना मला त्या चुलीमागच्या राखेचा वास आला, खरंच सांगते.

मी आठेक वर्षांची असेन, मृगाचा पाऊस चांगला पडला, पेरणीचा दिवस होता, आणि मी नेहमीसारखी चुलीमागे. आबा आत आले, मला ओढून काढलं, खांद्यावर बसवलं आणि सगळ्या घरासमोरून शेतात नेलं. पाभरीच्या चाड्यावर पहिली मूठ माझ्या हाताने धरायला लावली. आजी बांधावर तोंडाला पदर लावून बसली होती. आणि त्या वर्षी पीक काय झालं? बेताचंच आलं. आजीने काय म्हणायचं ते म्हटलंच. पुढच्या मृगाला आबांनी परत मलाच नेलं. मी रडत होते, नाही म्हणत होते, तरी नेलं.

यात एक गोष्ट मला फार उशिरा कळली. पहिल्या वर्षी पीक धो धो आलं असतं ना, तर मी लक्ष्मीच्या पायाची ठरले असते आणि पुढे पहिल्या दुष्काळाला परत चुलीमागे गेले असते. पीक बेताचं आलं आणि तरी आबा परत घ्यायला आले, म्हणून ते माझ्या डोक्यातून निघालं.

म्हणून आता एकच सांगते आणि तेवढंच करायचं. पुढची लीग ऑगस्टमध्ये, तोवर थांबायचं नाही. या आठवड्यात, शाळा उघडायच्या आधी, नाहीतर हा शब्द दप्तरात बसून शाळेत जाईल आणि मग क्रिकेटच्या टीममध्येही त्याला कोणी घेणार नाही, किंवा तोच जाणार नाही. नवऱ्याची सुट्टी बघ. जेवणं आटोपली की टीव्हीवर फायनल लावा. 1999 ची चॅम्पियन्स लीगची लावू नका, नवरा तीच लावायला जाईल, बार्सिलोनातली, शेवटच्या क्षणी दोन गोल मारून बायर्नला हरवलं ती. ती बघून पोरगं म्हणेल मी बसलो म्हणून जिंकले, आणि त्या बिचाऱ्याच्या डोक्यावर दुसरं ओझं. ही हरलेली लावायची. 21 मेची, टॉटनहॅमवाली. नवऱ्याला त्रास होईल परत बघायला. होऊ दे. नाही म्हणाला तर माझं हे उत्तर त्याच्या हातात दे, आणि स्वतःचं पत्र पण दे, "मुलाचा तसा त्रास नाही" ही ओळ न खोडता.

सोफ्यावर पोरगं मधे. एका बाजूला बाप, एका बाजूला तू. सासूबाईंना पण बोलाव, नजरेचं त्यांनी पण ऐकू दे.

42 व्या मिनिटाला टॉटनहॅमच्या सारचा क्रॉस येईल, ब्रेनन जॉन्सन पाय घालेल, बॉल युनायटेडच्या ल्यूक शॉच्या अंगाला लागून आत जाईल. तेव्हा पोराकडे बघ. ते अंग चोरेल, नाहीतर बापाच्या तोंडाकडे बघेल, नाहीतर उठायलाच लागेल. उठू द्यायचं नाही. इथे बापाने बोलायचं, तू नाही, कारण शब्द त्याचा होता. मॅच थांबवून, पोराला जवळ घेऊन, स्पष्ट: बघ, त्या रात्री तू यावलला होतास तरी हा बॉल असाच आत गेला, आज तू माझ्याजवळ बसलायस तरी तसाच गेला, तुझ्या बसण्या-उठण्याने तिकडे काही होत नाही, आणि मी त्या रात्री तुला पनवती म्हटलं ते माझं चुकलं. एवढं सगळं म्हणायचं. "जाऊ दे रे, पप्पा मस्करी करत होते" असलं चालणार नाही, मस्करी नव्हती ती आणि पोराला ते कळतं.

मग पुढची मॅच बघा, पूर्ण. 68 व्या मिनिटाला युनायटेडच्या होयलंडचं हेडर गोलमध्ये चाललं होतं आणि टॉटनहॅमच्या व्हॅन दे व्हेनने मागे उलटं उडी घेऊन पायाने लाइनवरून बॉल बाहेर काढला, ते पोराला दोनदा दाखवा, बघण्यासारखंच आहे ते, हरलेल्या माणसानेसुद्धा बघावं असं. युनायटेडच्या आणि गोलच्या मधे हा माणूस आला होता, तुझं लेकरू नव्हतं आलं.

ऑगस्टमधली पहिली मॅच लागेल तेव्हा तो परत किचनमध्ये येईल, एकदा सांगून जात नाही हे, मी दुसऱ्या मृगालाही रडतच होते. तेव्हा बापाने उठून आत यायचं आणि त्याला उचलून बाहेर न्यायचं. हरले तर पुढच्या मॅचला परत न्यायचं.

आणि पोरी, त्या 42 व्या मिनिटाला चहा ठेवते म्हणून तू उठू नको. तू उठलीस की तो तुझ्यामागे उठेल, आता तीच सवय लागलीय त्याला. बसून राहा.

— आक्का