तळ्यातली क्रॉपी न् ब्लूगिल : आधी पाणी बघा, मग गळ टाका

उन्हाळा जवळ आला की अमेरिकेतल्या आपल्या मंडळींचे मासेमारीचे, मुख्यतः क्रॉपी न् ब्लूगिल या गोड्या पाण्यातल्या माशांचे, प्रश्न यायला लागतात, आणि त्यातले बरेचसे "कुठला रॉड घेऊ" असेच असतात. त्याचं उत्तर एकदाच देऊन टाकतो : साधा अल्ट्रालाइट रॉड, चार ते सहा पाउंडी तंगूस, विषय संपला. मासा किती खोलीवर आहे हे कळल्याशिवाय तीनशे डॉलरचा रॉडही काठीच असतो. आता बाकीचे प्रश्न.

प्लेनो, टेक्सासहून : लेक लॅव्हनला दर शनिवारी जातो. जिगचा, म्हणजे डोक्याशी वजन असलेल्या गळांचा, अख्खा डबा घेतलाय, पण डॉकवर बोटभर ब्लूगिल सोडून काही लागत नाही. शेजारचे आजोबा मात्र बादलीभर क्रॉपी नेतात. माझं चुकतंय कुठे?

तुम्ही कधी जाता ते लिहिलं नाहीत, पण माझा अंदाज, नाश्ता-बिश्ता करून निवांत दहाला पोचत असाल. ब्लूगिल दिवसभर खातो, भर उन्हात सुद्धा. क्रॉपीचं तसं नाही, तिचे डोळे मोठे, कमी उजेडात तिला बरं दिसतं आणि ती पहाटे किंवा दिवेलागणीला जास्त खाते. हे झालं एक. दुसरं म्हणजे पाण्याचं तापमान. साधारण ६० ते ६५ डिग्री फॅरनहाइट झालं की क्रॉपी अंडी घालायला काठाला येते, तुमच्याकडे हे मार्च-एप्रिलमध्ये होतं, आणि त्या काही आठवड्यांत दोन ते आठ फूट पाण्यात, बुडालेल्या झुडपांजवळ कुणालाही मिळते. मग पाणी तापलं की ती खोल जाते आणि लोक म्हणतात मासे संपले. संपत नाहीत हो, पुलाच्या खांबाला, पाण्यात उभ्या वाळक्या झाडांना, मुद्दाम बुडवलेल्या फांद्यांच्या ढिगाऱ्याला धरून पंधरा-वीस फुटांवर बसलेले असतात.

आणि ही गोष्ट तर लिहूनच ठेवा, क्रॉपी वर बघून खाते, खाली बघून नाही. मासे पंधरा फुटांवर असतील तर गळ तेरा-चौदा फुटांवर हवा, सोळावर गेला की गेलाच. म्हणून स्लिप बॉबर, म्हणजे तंगुसावर सरकणारा तरंगा, वापरा, त्यात खोली ठरवून ठेवता येते. लॅव्हनचं पाणी गढूळ, अशा पाण्यात व्हाइट क्रॉपी चांगली टिकते, तिच्यासाठी पोपटी रंगाचा १/१६ औंसाचा जिग घ्या, नाहीतर सरळ बेट शॉपमधून जिवंत मिनो, म्हणजे आमिषाचे बारीक मासे. आजोबांच्या गळाला बहुतेक मिनोच असतील. बॉबर हलला की हिसका देऊ नका, हिचं तोंड कागदासारखं पातळ असतं, फाटतं आणि मासा जातो, नुसता रॉड सावकाश वर उचला. टेक्सासचा नियम दिवसाला २५ क्रॉपी, प्रत्येक किमान १० इंच, त्यामुळे बादली भरायच्या आधी खिशात टेप ठेवा. काही तलावांचे नियम वेगळे असतात, राज्याच्या साइटवर तलावाचं नाव टाकून बघायचं, दोन मिनिटांचं काम आहे.

एडिसन, न्यू जर्सीहून : बाबा रत्नागिरीहून तीन महिन्यांसाठी आलेत, वय ७२, आयुष्यभर खाडीत गरवत आलेत. इथे घरात बसून कंटाळलेत. ज्येष्ठांना लायसन्स लागत नाही म्हणे, खरं का? आणि नातवंडांसोबत कुठला मासा धरावा?

अर्धं खरं. न्यू जर्सीत सत्तरीच्या पुढे लायसन्स नाही, पण ते तिथल्या रहिवाशांना. बाबा पाहुणे, म्हणजे अनिवासी, आणि अनिवासी माणसाला सोळाच्या पुढे गोड्या पाण्यात लायसन्स लागतंच, वय कितीही असो. सात दिवसांचं वेगळं मिळतं, पण तीन महिने आहेत तर दोन्हींचे दर बघून ठरवा. सोळाच्या आतल्या नातवंडांना काही लागत नाही. तुम्ही पण गळ टाकणार असाल तर तुमचं वेगळं, "मी फक्त रॉड धरून उभा होतो" हे वॉर्डन ऐकत नाही.

मासा ब्लूगिलच, दुसरा विचारच नको. पाणी सत्तर डिग्रीच्या आसपास गेलं की मे-जूनमध्ये काठाजवळ दोन-चार फुटांत तळाला गोल गोल ताटल्यांएवढे खड्डे दिसतात, एकाशेजारी एक, ती यांची घरटी. गावाकडे चिलापी धरलेली असेल तर बाबांना सांगायलाच नको. गळ छोटा, आठ किंवा दहा नंबरचा, दांडा लांब, म्हणजे गिळलेला काढायला सोपं. त्यावर गांडुळाचा नखाएवढा तुकडा. अख्खं गांडूळ लावलंत तर कडेकडेने कुरतडून पळतात आणि मुलं वैतागतात. फॅरिंग्टन लेक तुम्हाला जवळ आहे, जरा लांब जायची तयारी असेल तर लेक होपॅटकॉन्ग, राज्यातला सगळ्यात मोठा तलाव. आणि बाबांना त्यांच्या पद्धतीने हातात तंगूस धरून बसायचं असेल तर बसू द्या, पण आधी नियमांचं पुस्तक एकदा वाचून घ्या.

एक मात्र करा माझ्यासाठी. घरट्यावरचा तो मोठा, काळपट, छाती केशरी झालेला असतो ना, तो नर. अंड्यांना पंखाने वारा घालत राखण करतो आणि जवळ येईल त्यावर तुटून पडतो, म्हणून सगळ्यात आधी तोच लागतो. फोटो काढा आणि लगेच तिथेच सोडा. असे मोठे नर काढत गेलं की लहान नर लवकर वयात येतात, वाढण्यापेक्षा प्रजननावर शक्ती घालवतात, आणि काही वर्षांत अख्ख्या तळ्यात चार इंची पोरंच उरतात. मिनेसोटाने याच कारणासाठी कितीतरी तलावांवर सनफिशची (ब्लूगिल याच कुळातला) मर्यादा रोजची पाच किंवा दहा केलीय. खायला सहा-सात इंची न्या, आठच्या वरचे सोडा. लोक नेमकं उलटं करतात, मोठे घरी आणि छोटे पाण्यात, आणि मग म्हणतात आमच्या तळ्यात पूर्वीसारखे मासे नाहीत.

ईडन प्रेरी, मिनेसोटाहून : ऑफिसातले लोक बर्फावर बसून क्रॉपी धरायला बोलावतायत. भीती वाटते. जाऊ का?

जा, पण लोक गेलेत म्हणून नको, जाडी मोजून. पायी चालायला किमान चार इंच नवा पारदर्शक बर्फ हवा, पांढरा बर्फ असेल तर त्याच्या दुप्पट, आणि गळ्यात आइस पिक, म्हणजे पाण्यात पडलात तर बर्फात रोवून वर यायचे टोकदार सुळे. थंडीत क्रॉपी खोलगट भागात वीस-तीस फूट पाण्यात, तळाच्या वर मधेच तरंगत असतात, त्यामुळे मासे किती खोलीवर आहेत ते दाखवणारं सोनार यंत्र उसनं मिळालं तर घ्या. खरी मजा सूर्य मावळायच्या आधीचा तास आणि नंतरचा थोडा वेळ. बारीक जिग, टोकाला वॅक्स वर्म (आमिषाची छोटी अळी), आणि हात शक्यतो स्थिर.

खोलवरून, विशेषतः तीस फुटांच्या आसपास किंवा त्याहून खालून, वर आणलेल्या माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगू शकते, आणि मग सोडला तरी काही जगत नाहीत. म्हणजे "छोटा सोडतो, मोठा ठेवतो" हा खेळ तिथे नाही. घरापुरते मिळाले की गळ गुंडाळा. मर्यादा दिवसाला दहाची आहे म्हणून दहा झालेच पाहिजेत असं काही नाही.

मिशिगनहून : पर्च मासे साफ करताना मांसात पिवळे दाण्यासारखे किडे दिसले. बायकोने सगळे मासे फेकले. बरोबर केलं का?

वहिनींना सांगा घाण वाटणं साहजिक आहे, पण फेकायची गरज नव्हती. तो यलो ग्रब, माशाच्या मांसात राहणारा परजीवी किडा. बगळ्यासारख्या पक्ष्यांतून पाण्यात, तिथून गोगलगायीत, मग माशात, आणि तो मासा बगळ्याने खाल्ला की परत सुरुवात. सुरीच्या टोकाने काढून टाका आणि मासा नीट शिजवा, शिजल्यावर धोका नाही. कातडीवर काळे ठिपके दिसले तर तेही असलंच प्रकरण. कच्चा मात्र कुठलाच गोड्या पाण्यातला मासा खाऊ नका.

कोलंबस, ओहायोहून : क्रॉपी आपल्या पद्धतीने कशी करायची? कालवणात पार विरघळली.

विरघळणारच, मांस फार मऊ आणि काटा काढलेला. क्रॉपीचं फिले काढा, हळद, मीठ, तिखट, आलं-लसूण आणि आगळ लावून अर्धा तास ठेवा, मग बारीक रव्यात थोडं तांदळाचं पीठ मिसळून त्यात घोळवून तळा. तवा चांगला तापलेला हवा, तुकडा टाकला की एक बाजू खरपूस होईपर्यंत हात लावू नका, चुळबुळ केली की तुटतो. कालवणाला ब्लूगिल घ्या, खवले काढून, डोकं-पोट साफ करून काट्यासकट अख्खा, आणि आमटी उकळून झाल्यावर शेवटच्या पाच-सात मिनिटांत सोडा. साफ करताना पाठीवरचा पंख सांभाळा, हाताला चांगलाच टोचतो. आणि पकडल्या पकडल्या बर्फात टाका, दुपारभर पाण्याच्या बादलीत मेलेला मासा कुठल्याही मसाल्याने सुधरत नाही.