गुण उशिरा येणारी गोळीच बंद करू नका

तुमचा प्रश्न असा, की आईंना आमवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेट सुरू करून तीन आठवडे झाले, फरक काहीच नाही. उलट दुखण्याच्या साध्या गोळीने तासाभरात बरं वाटतं. मग तीच चालू ठेवून मेथोट्रेक्सेट थांबवली तर? मी डॉक्टर नाही, याच आजाराची चौदा वर्षं जुनी पेशंट आहे. अगदी हाच प्रश्न मीही विचारला होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दुखण्याची गोळी, म्हणजे आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक वगैरे, कॉक्स नावाच्या एन्झाइमला अडवते. हे एन्झाइम प्रोस्टाग्लँडिन बनवतं आणि सूज, ठणका, ताप बराचसा त्यामुळे येतो. याच जातीचं ॲस्पिरिन नेमकं इथेच काम करतं हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. पुढे १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. अडवणूक थेट असल्यामुळे आराम लगेच पडतो. पण तेच प्रोस्टाग्लँडिन जठराचं अस्तरही सांभाळतं आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही. म्हणून महिनोन्महिने ही गोळी खाल्ली तर अल्सर, वाढलेलं बीपी, वाढलेलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड मंदावल्याची रक्तातली खूण) असली दुखणी मागे लागू शकतात. पोटाला जपावं म्हणून कॉक्सचा मुख्यतः सुजेशी संबंधित प्रकार, कॉक्स-२, तेवढाच अडवणारी औषधं आली, तर त्यातलं रोफेकॉक्सिब हृदयविकाराच्या धोक्यामुळे २००४ मध्ये बाजारातून काढून घ्यावं लागलं.

खरी अडचण पुढे आहे. आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते. ते अस्तर जाड होतं आणि कूर्चा नि हाड कुरतडत जातं. दुखण्याच्या गोळीने ठणका थांबतो, हे कुरतडणं थांबत नाही. आई हसतखेळत असतील आणि आत बोटं वाकडी व्हायची तयारी चाललेली असेल.

मेथोट्रेक्सेट तिथे हात घालते. तिची रेणूरचना फॉलिक ॲसिडसारखी (पेशींच्या वाढीला लागणारं एक ब जीवनसत्त्व). कॅन्सरमध्ये मोठ्या डोसात ती पेशींची वाढ रोखते. आपल्याला मिळतो तो अगदी छोटा डोस. त्याने पेशींभोवती ॲडेनोसिन (सूज शमवणारा शरीरातलाच एक पदार्थ) वाढतं आणि चवताळलेल्या पेशी निवतात, असं मानतात. याला वेळ लागतो, साधारण सहा ते बारा आठवडे. मधला काळ निभावून नेण्यासाठीच डॉक्टर दुखण्याची गोळी किंवा थोडं स्टेरॉइड देतात. (स्टेरॉइड पेशीच्या केंद्रकात शिरून सूज वाढवणारी जनुकं दाबतं, म्हणून गुण झपाट्याने येतो. १९४८ मध्ये फिलिप हेंच या अमेरिकन डॉक्टरांनी कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलेली आमवाताची पेशंट काही दिवसांत हिंडूफिरू लागली होती. पण ते वर्षानुवर्षं घेतलं तर हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. बरेच दिवस घेतलेलं असेल तर एकदम तोडायचंही नाही.)

माझंच सांगते. टूथपेस्टचं झाकण मी दातांनी उघडायचे, बोटं दहा वाजेपर्यंत आखडलेली. नवव्या आठवड्यात एका सकाळी लक्षात आलं की झाकण आज हातानेच उघडलं. नेमकं कधीपासून उघडत होतं कुणास ठाऊक.

आता सावधगिरी. ही गोळी आठवड्यातून एकदाच, रोज नाही. चुकून रोज घेतल्याने अस्थिमज्जा (हाडातला मगज, जिथे रक्तपेशी बनतात) दबून माणसं दगावली आहेत. एकदा विसरून मी लागोपाठ दोन दिवस घेतली, तर तोंड इतकं आलं की पाणीही झोंबायचं. तेव्हापासून पाकिटावर पेनाने वार लिहिते आणि घेतली की कॅलेंडरवर खूण करते. फॉलिक ॲसिड दिलं असेल तर तेही चुकवू नका. डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशीच द्या, बहुतेक वेळा तो मेथोट्रेक्सेटच्या वारापेक्षा वेगळा असतो. रक्त आणि लिव्हरच्या तपासण्या ठरल्या वेळी करा. दुखण्याची गोळी मनाने वाढवू नका, कारण मूत्रपिंड मंदावलं की मेथोट्रेक्सेट अंगात साचते.

मळमळ होत असेल तर सोसत बसू नका, डॉक्टरांना सांगा; हेच औषध इंजेक्शननेही देता येतं. आणि लघवीच्या इन्फेक्शनसाठी दुसऱ्या कुणा डॉक्टरांकडे गेलात तर आधी मेथोट्रेक्सेटचं नाव घ्या. ट्रायमेथोप्रिम असलेली अँटिबायोटिकं फॉलिक ॲसिडवरच घाला घालतात आणि ही जोडी रक्तपेशींना भारी पडते.