आठवणी जपायचं कामही वहिनीनंच करायचं?

पत्र: सासूबाई ७९ वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला. त्यांचं माहेर अक्कलकोटकडचं. हल्ली निम्मं बोलणं कानडीत असतं आणि मी बार्शीची, मला ते सगळं कळत नाही. नणंद बेंगळुरूला, दीर पुण्याला. दोघंही फोनवर सांगतात, "वहिनी, आईच्या आठवणी रेकॉर्ड करून ठेव, अल्बम स्कॅन कर, नंतर पस्तावशील." रात्री तीन-तीनदा उठते मी. परवा चिडून मोबाईल आपटला, तर त्या दचकून म्हणाल्या, "बाई, तुम्ही कोण?" मी कमी पडतेय का?
एक सून, सोलापूर

ताई,

अंघोळ, गोळ्या, जागरण तुमच्याकडे आणि वर आठवणींचं खातंही तुमच्याकडेच, ही वाटणीच चुकली आहे. रेकॉर्डिंग नणंदेनं करायचं, अल्बम दिरांनी. आणि ते काम चालू असेल तेवढा वेळ तुम्ही घराबाहेर किंवा झोपलेल्या. (पत्रात यजमानांचा एका शब्दानं उल्लेख नाही, हे वाचताना खटकलंच. मोबाईल लावून देणं त्यांच्याकडे.)

नणंदेचं नाव पुढं करायला कारण आहे. या आजारात नंतर शिकलेली भाषा बहुधा आधी सुटते, लहानपणची शेवटपर्यंत टिकते. आईची कानडी लेकीच्या कानावरची आहे, तुमच्या नाही. आठवड्यातून दोनदा, नाश्त्यानंतर दहा-साडेदहाला व्हिडिओ कॉल लावा. संध्याकाळ टाळा, त्या वेळी गोंधळ वाढतो. नळाला पाणी यायचा दिवसही नको. रेकॉर्डिंगसाठी दुसरा मोबाईल विमान मोडवर टाकून घडी घातलेल्या चादरीवर, तोंडापासून हातभर अंतरावर ठेवायचा. नुसत्या टेबलावर ठेवला तर प्रत्येक ठकठक त्यात उतरते. पंखा बंद. वीस मिनिटं पुरे. त्या पदर चाळवायला लागल्या, दाराकडं बघायला लागल्या की तिथंच थांबायचं.

"आठवतंय का?", "कोणत्या साली?", "हा कोण, ओळख बघू" हे तीन प्रश्न बंद. ती परीक्षा होते आणि नापास झाल्याची लाज त्यांना कळते. फोटो हातात देऊन नाव आपणच सांगायचं: "ही शांतामावशी ना? ही इरकल कुठली गं?" गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेतला फोटो असेल तर मिरवणुकीतल्या उंच नंदीध्वजांबद्दल बोलायचं. माणसं, सालं एकमेकांत मिसळली तरी दुरुस्त करायचं नाही. खरं काय ते नंतर फाईलसोबत लिहून ठेवता येतं. सासरे कुठं गेले असं विचारलं, तर दर वेळी मरणाची बातमी नव्यानं देऊ नका. "कामावरून आले की आधी काय मागायचे?" असं विचारा.

बोलणं आटलं तरी हातांची सवय बराच काळ टिकते. त्यांच्यापुढं ज्वारीच्या पिठाचा गोळा ठेवा आणि फक्त हातांचा व्हिडिओ घ्या. कडक भाकरीसाठी कडा किती पातळ थापायच्या, पीठ कधी भुरभुरायचं, हे सांगता येणार नाही कदाचित, पण दिसेल. तवा मात्र दुसऱ्यानं सांभाळायचा.

आता अल्बम. चिकट पानांवर वर प्लास्टिक असलेले जुने अल्बम फोटो खातात, कारण तो डिंक पिवळा पडत जातो. आधी प्रत्येक पान आहे तसं मोबाईलवर टिपून घ्या, मग सोडवायला लागा. बिनमेणाचा डेंटल फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) फोटोखालून करवतीसारखा हलकेच फिरवायचा. अडला तर ओढू नका, पानासकट राहू द्या. स्कॅन ६०० डीपीआयला (इंचामागे ६०० ठिपके). आधी सांगितलं नाही तर दुकानदार ३०० वर उरकू शकतो. मागं बॉलपेन नको, दुसऱ्या बाजूला उमटतं. मऊ पेन्सिल चालते, पण गुळगुळीत कागदावर तीही धरत नाही, तेव्हा नावं पाकिटावर लिहा. लॅमिनेशन अजिबात नको. फोटोंची ट्रंक वरच्या पत्र्याच्या खोलीत असेल तर खाली आणा; सोलापूरचा मे महिना फोटोंना सोसत नाही. व्हॉट्सॲपवर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारीक होऊन जातात. प्रती तीन, त्यातली एक पुण्याला.

तुमच्या झोपेचं. सासूबाईंना दुपारनंतर चहा-कॉफी बंद, दिवसाची झोप अर्ध्या तासावर आणि संध्याकाळी घरात दिवे लवकर. अचानक एक-दोन दिवसांत गोंधळ फार वाढला, तर तो "आजारच वाढला" म्हणून सोडू नका. लघवीचा जंतुसंसर्ग, शरीरातलं पाणी किंवा सोडियम कमी होणं, नवीन गोळी, यातलं काहीही असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टर. सकाळच्या अंघोळीला बाई लावा, पगार दिरांनी द्यायचा. महिन्यातले दोन दिवस त्यांनी येऊन राहायचं, पाहुण्यासारखं नव्हे. वृद्धांसाठीची सरकारी हेल्पलाईन १४५६७ आहे. दोन आठवडे सलग रडू येत असेल, झोप उडाली असेल, तर टेली-मानस १४४१६ वर बोला, पैसे लागत नाहीत.

मोबाईल आपटल्याचं मनात ठेवू नका. जागरणानं माणूस तेवढा चिडतोच. "तुम्ही कोण?" ला "मी तुमच्याकडंच असते, चहा टाकू का?" एवढं उत्तर पुरतं.

आज रात्री घरच्या ग्रुपवर एवढंच टाका: "रविवारी दहाला आईंचा कॉल. प्रश्न ताईंनी काढायचे. अल्बम भावजींनी येऊन न्यायचे. मी त्या वेळी झोपलेली असेन."