चित्र येत नसलं तरी स्टोरीबोर्ड होतो, पण सगळा काढत बसू नकोस

तुझं म्हणणं थोडक्यात असं: कॉलेजसाठी सहा मिनिटांची फिल्म, सांगलीतली आजी पायाचं शिलाई मशीन विकते आणि नातू ते हातगाड्यावरून आयर्विन पुलापलीकडे सांगलीवाडीला पोचवतो एवढीच गोष्ट. शूटिंग दोन दिवस, कॅमेरा एक. चित्रकला येत नाही, मग स्टोरीबोर्ड (प्रत्येक शॉटची चौकट काढून क्रमाने लावलेली चित्रं) न करता नुसत्या शॉट लिस्टवर, म्हणजे शॉटच्या लेखी यादीवर, भागेल का?

घरातल्या सीनला भागेल, पुलावरच्या सीनला नाही.

आधी हिशोब कर. सहा मिनिटं म्हणजे ३६० सेकंद. सरासरी शॉट ६ सेकंदांचा धरलास तर ६० शॉट, म्हणजे रोजचे ३०. नवख्या टीमला एका शॉटला वीस मिनिटं सहज लागतात, म्हणजे दिवसाचे दहा तास, त्यात जेवण नाही आणि जागा बदलणंही नाही. जमणार नाही. शॉट ३५-४० वर आण, आणि त्यासाठी काही शॉट मुद्दाम जास्त वेळाचे ठेव. आजी आणि गिऱ्हाईक भाव करतात तो सीन एका वाइडमध्ये (दोघं आणि खोली एकत्र दिसेल अशा शॉटमध्ये) बसवलास तर अर्धा दिवस वाचेल, आणि माझ्या मते सीनही चांगला होईल. प्रत्येक वाक्याला क्लोजअप कापायची खोड विद्यार्थ्यांच्या फिल्ममध्ये फार दिसते.

त्या सीनला चौकटी काढूच नकोस. वरून दिसेल तसा माजघराचा नकाशा काढ: दार, खिडकी, मशीन, दोन माणसं, कॅमेऱ्याची जागा. दोघांना जोडणारी एक रेघ ओढ आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेव, म्हणजे कटवर आजी आणि गिऱ्हाईक एकमेकांकडेच बघताना दिसतील.

पुलाला मात्र चौकटी हव्यात. गाडा घरातून निघताना फ्रेममध्ये डावीकडून उजवीकडे गेला, तर पुलावरही तो उजवीकडेच जायला हवा. कॅमेरा एका कठड्यावरून समोरच्या कठड्यावर नेलास की तोच गाडा डावीकडे जाताना दिसतो, आणि बघणाऱ्याला वाटतं पोरगा अर्ध्यातून माघारी फिरला. शॉट लिस्टमध्ये ‘पुलावर गाडा, मिड’ (म्हणजे मध्यम अंतरावरून) एवढंच लिहिलेलं असतं, त्यात ही चूक पकडता येत नाही. आगपेटीएवढ्या चौकटीत काडीचा माणूस आणि एक बाण काढलास की लगेच दिसते. दिशा उलटी करायची ती फक्त परतीच्या रिकाम्या गाड्यासाठी राखून ठेव. तिथे ती अर्थाची आहे.

चौकटी काढायच्या आधी पुलावर दोनदा जाऊन ये, एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी. सांगलीवाडी पश्चिमेला आहे. सकाळी तिकडे निघालेल्या पोराच्या पाठीवर ऊन असतं, त्यामुळे समोरून घेतलास तर चेहरा काळा पडतो. समोरचा क्लोज संध्याकाळी घे, पाठमोरे वाइड सकाळी घे. तेव्हा गर्दीही कमी असते. पण ऊन कुठल्या बाजूचं आहे ते चौकटीत लिहून ठेव, नाहीतर एडिटला सकाळच्या शॉटनंतर संध्याकाळच्या सावल्या येतील. कोणा मित्राला रिकामा गाडा ढकलायला लावून मोबाइलवर फोटो काढलेस आणि क्रमाने चिकटवलेस तरी तो स्टोरीबोर्डच आहे. फोटो आडवेच काढ, १६:९ मध्ये.

आणखी एक चौकट ठळक काढ. मशीन उचलायच्या आधी आजी त्यातली बॉबिन (दोऱ्याची छोटी रीळ) काढून पदराच्या गाठीत बांधते, हे तू लिहिलेलं मला फार आवडलं. पण असे इन्सर्ट, म्हणजे एखाद्या बारीक गोष्टीचे जवळून घेतलेले छोटे शॉट, शूटिंगच्या दिवशी ‘शेवटी घेऊ’ म्हणून राहतात, आणि तोवर मशीन गाड्यावर चढलेलं असतं. गोष्टीचा जीव त्या बॉबिनमध्ये आहे, म्हणून ती पहिल्या दिवशी, मशीन जागचं हलायच्या आत घे. फ्रेममध्ये फक्त बोटं आणि पदर, चेहरा नको.

बाकी घरातून निघणं, रस्त्यावरची वळणं वगैरेला यादी पुरे. शूटिंगचा क्रम गोष्टीप्रमाणे नाही, जागेप्रमाणे आणि उन्हाप्रमाणे लाव. पुलावर ट्रायपॉड लावण्याआधी कॉलेजचं पत्र घेऊन पोलीस ठाण्यात अर्ज दे; रहदारीचा पूल आहे, गाडा मध्येच उभा करू देणार नाहीत. माजघराचा नकाशा काढलास की दाखव. मशीन खिडकीकडे तोंड करून आहे की भिंतीकडे, त्यावर आजीचा पहिला शॉट ठरेल.