वाचकांचे प्रश्न: हरलेली टीम दुसऱ्या दिवशी परत कशी खेळते?

प्रश्न (कोथरूडहून एक मावशी): माझा भाचा अमेरिकेत एका छोट्या कॉलेजात शिकतो, तिथल्या बेसबॉल टीममध्ये आहे. मेच्या शेवटी त्यांच्या कॉन्फरन्सची, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाची, चॅम्पियनशिप टूर्नामेंट होती, आम्ही सगळे पहाटे साडेपाचला उठून मोबाईलवर बघायचो. पहिलीच मॅच हरले, आम्हाला वाटलं संपलं, तर दुसऱ्या दिवशी परत मैदानात! तिथून फायनलपर्यंत गेले आणि नेमकं तेव्हा कोचने सगळ्यात भारी पिचरला (बॉल टाकणाऱ्याला) बसवून ठेवलं, मग हरले. घरात सगळे त्या कोचवर जाम चिडलेत. असं का करतात हो?

उत्तर: मावशी, याला डबल एलिमिनेशन म्हणतात, दोनदा हरलात की बाहेर. आयपीएलमध्ये क्वालिफायर वन हरलेल्या टीमला अजून एक चान्स मिळतो ना, तोच चान्स इथे पहिल्या मॅचपासून सगळ्यांना असतो. पण तो महाग पडतो. चार टीमची टूर्नामेंट धरा, पहिली मॅच हरलात तर पुढच्या सलग चार जिंकायच्या, आणि त्यातल्या शेवटच्या दोन अशा टीमशी जी तोवर एकदाही हरलेली नसते, कारण तिलाही बाहेर काढायचं तर दोनदा हरवावंच लागतं. हे सगळं तीन-चार दिवसांत!

आता पिचरचं बघा. कॉलेजच्या सीझनमध्ये साधारण शुक्रवार, शनिवार, रविवार अशी एकाच टीमशी तीन मॅचची सिरीज असते, त्यामुळे तीन मुख्य पिचर आणि प्रत्येकाची पाळी आठवड्यातून एकदा. शंभरेक बॉल पूर्ण जोर लावून टाकले की पुढचे पाच-सहा दिवस हाताला आराम लागतो. तुमच्या भाच्याची टीम पहिली मॅच हरली तेव्हा तो भारी पिचर बहुतेक त्याच दिवशी खेळून बसला असणार, किंवा मग दुसऱ्या दिवशी बाहेर पडायची वेळ आली तेव्हा त्याला वापरला असणार. फायनलला तो डगआउटमध्ये दिसत होता म्हणजे टाकू शकत होता असं नाही.

आणि मला विचाराल तर त्या कोचने बरोबर केलं. अगदी मनापासून सांगतोय. वीस-एकवीस वर्षांच्या पोराला एका कपसाठी दोन दिवसांच्या आरामावर परत शंभर बॉल टाकायला लावणं मला पटत नाही. कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट फाटलं की ऑपरेशन आणि मग वर्षभर किंवा जास्तच बाहेर बसायचं, तेही ऑपरेशन नीट झालं तर. डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये टॉमी जॉन नावाच्या पिचरवर ते पहिल्यांदा केलं, म्हणून आजही त्याच्याच नावाने ओळखतात. अमेरिकेत शाळेच्या मुलांसाठी २०१७ पासून प्रत्येक राज्याला बॉलची मर्यादा ठरवावीच लागते, कॉलेजात मात्र कोचचा विवेक हाच काय तो आधार. त्यामुळे ज्याने हात राखला त्याच्यावर चिडू नका.

तुमची हळहळ मात्र समजते, कारण छोट्या कॉलेजला ही टूर्नामेंट म्हणजे सगळंच असतं. पहिल्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या डिव्हिजनमध्ये राष्ट्रीय स्पर्धेला ६४ टीम जातात, कॉन्फरन्स जिंकणारी थेट, बाकीच्या कमिटी निवडते. एसईसी, म्हणजे साउथईस्टर्न कॉन्फरन्ससारख्या तगड्या कॉन्फरन्सला काळजी नाही, २०२५ मध्ये त्यांच्या एकट्याच्या १३ टीम गेल्या, आणि त्याच वर्षापासून त्यांनी अलाबामातल्या हूवरला होणारी आपली टूर्नामेंट हरलात की घरी अशी साधी करून टाकली. छोट्या कॉन्फरन्सला बहुतेक वेळा एकच जागा, म्हणून तिथली पोरं जीव तोडून खेळतात.

पण भारी पिचर नसला म्हणजे सगळं संपतं असंही नाही हं. २००८ ची कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो स्टेट कॉलेजची टीम बघा, मुख्य पिचर टॅनर शेपर्स खांद्याच्या दुखापतीने बाहेर, तरी आपल्या वॅक नावाच्या कॉन्फरन्सची टूर्नामेंट जिंकून राष्ट्रीय स्पर्धेत शिरले, पहिल्या फेरीत चार टीमच्या गटात चौथा नंबर दिलेला, आणि तिथून ओमाहाला जाऊन जॉर्जियाला हरवत थेट कॉलेज वर्ल्ड सिरीज, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेची शेवटची फेरी, जिंकले! उरलेल्या पिचरनी वाटून घेतलं, बॅटरनी रन काढले. भाच्याला हे जरूर सांगा, पुढच्या सीझनला उपयोगी पडेल.

प्रश्न (सदाशिव पेठेतून कॉलेजची विद्यार्थिनी, सॉफ्टबॉल खेळते): कॉलेज बेसबॉलमध्ये बॅटचा टणकन आवाज येतो, मेजर लीगमध्ये (तिथल्या प्रोफेशनल लीगमध्ये) येत नाही, असं का? आणि एक मॅच नऊऐवजी सातव्या इनिंगनंतरच थांबवली, पाऊस पण नव्हता.

उत्तर: कॉलेजात मेटलची बॅट चालते, मेजर लीगमध्ये फक्त लाकडाची. आधी मेटलच्या बॅटवरून बॉल फारच सुसाट सुटायचा, समोर उभ्या पिचरला धोका, म्हणून २०११ पासून नियम कडक केले आणि आता मार लाकडाच्या बराच जवळ आलाय, आवाज तेवढा तसाच राहिला. मॅच थांबली ती दहा रनच्या नियमाने, तुमच्या सॉफ्टबॉलमध्येही असा नियम असतोच की. सात इनिंगनंतर दहा किंवा जास्त रनची आघाडी असेल तर बऱ्याच कॉन्फरन्स टूर्नामेंटमध्ये मॅच तिथेच संपवतात, आणि वर मावशींना सांगितलं तेच कारण इथेही आहे, उद्या परत मॅच असते, दोन इनिंग वाचल्या तर तेवढे पिचर वाचतात.