बी.ई. मेकॅनिकल, नागपूर, चौदा महिने नोकरी नाही: अर्ज वाढवण्याआधी गळती कुठे आहे ते शोधा

प्रश्न थोडक्यात असा: २०२४ ची बी.ई. मेकॅनिकल, ६४ टक्के, घर मानेवाड्याला. चौदा महिन्यांत पोर्टलवरून ३०० हून अधिक अर्ज, त्यातून चार फोन, दोन मुलाखती, निवड एकही नाही. घरचे म्हणतात स्पर्धा परीक्षा दे, मित्र म्हणतो पुण्याला चल, आणि बर्डीवरची (सीताबर्डी) एक संस्था ६० हजारांत ‘शंभर टक्के प्लेसमेंट’सह जावा शिकवायला तयार आहे. यातले काय करावे?

आधी तुमचे आकडे नीट वाचू. नोकरी तीन दारांतून मिळते: अर्जावरून फोन, फोनवरून मुलाखत, मुलाखतीवरून निवड. चार फोनांतून दोन मुलाखती, म्हणजे दुसरे दार ठीक आहे. तिसऱ्याबद्दल दोन मुलाखतींवरून काहीच ठरवता येत नाही, त्यामुळे ‘मला मुलाखत जमत नाही’ हे डोक्यातून काढा. गळती पहिल्या दारात आहे. तिथे ३०० चे ६०० अर्ज केले तर चाराचे आठ फोन होतील आणि तुमचे आणखी एक वर्ष जाईल.

पहिल्या दारात फोन न येण्याची कारणे ठरलेली असतात. मोठ्या कंपन्यांच्या फ्रेशर भरतीत उत्तीर्ण होण्याचे वर्ष बांधलेले असते. जाहिरात २०२५ किंवा २०२६ च्या बॅचसाठी असेल तर २०२४ चा अर्ज कुणी उघडतसुद्धा नाही. अनेक ठिकाणी दहावी, बारावी आणि पदवी तिन्हींत ६० टक्क्यांची अट असते, ती आधी वाचा. पोर्टलवर भरती करणारा माणूस ठिकाण, अनुभव, कौशल्य आणि ‘अलीकडे सक्रिय’ या चार चाळण्या (फिल्टर) लावून यादी काढतो. प्रोफाइलमध्ये पसंतीचे ठिकाण म्हणून फक्त नागपूर असेल तर पुण्याजवळच्या चाकण-रांजणगावच्या यादीत तुम्ही येणारच नाही. कौशल्याच्या रकान्यात ‘मेकॅनिकल इंजिनिअरिंग’ लिहिले असेल तर तुम्ही शोधात सापडणार नाही, कारण शोधणारा ‘क्वालिटी इन्स्पेक्शन’, ‘जीडी अँड टी’, ‘प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स’ असे शब्द टाकतो. प्रोफाइलमध्ये दर दोन-तीन दिवसांनी एखादी ओळ बदलून जतन करा, म्हणजे ‘सक्रिय’च्या चाळणीत टिकाल.

रिझ्युमे एका पानाचा, एका स्तंभाचा ठेवा. फोटो, टक्केवारीच्या रंगीत पट्ट्या, दोन स्तंभांचे तयार साचे टाळा. कंपन्यांचे सॉफ्टवेअर अनेकदा दोन स्तंभ आडवे वाचते आणि मजकुराची खिचडी करते. तपासायला सोपा उपाय आहे: पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे क्रम बिघडला तर सॉफ्टवेअरलाही तो बिघडलेलाच दिसतो.

पण फक्त रिझ्युमे सजवून भागणार नाही, त्यात लिहायला काहीतरी हवे. माझे स्पष्ट मत आहे की ‘मेकॅनिकल फ्रेशर’ हे पद बाजारात जवळपास नाहीच. पदे असतात क्वालिटी, मेंटेनन्स, प्रॉडक्शन, स्टोअर-परचेस, डिझाइन आणि सर्व्हिस इंजिनिअरची. यातले एक मुख्य आणि एक जोडीचे निवडा आणि रिझ्युमेही दोनच ठेवा. नागपूरच्या लहान-मध्यम कारखान्यांत नवख्याला आत शिरायला क्वालिटी आणि मेंटेनन्स हे दोन रस्ते त्यातल्या त्यात सोपे आहेत.

क्वालिटी निवडलीत तर सहा आठवड्यांत काय करता येईल ते सांगतो. एखाद्या टर्निंगच्या वर्कशॉपमध्ये विचारून एकाच मापाचे नग मोजण्याची परवानगी घ्या. वर्कशॉपवाले सहसा नाही म्हणत नाहीत, फक्त त्यांच्या कामाच्या गर्दीत जाऊ नका. प्रत्येकी ५ नगांचे २० गट मायक्रोमीटरने मोजा. गटातले नग लागोपाठचे आणि गट वेगवेगळ्या वेळी घ्या. एकाच ढिगातून शंभर नग उचलले तर चार्टला अर्थच उरत नाही. एक्सेलमध्ये एक्स-बार आणि आर चार्ट, म्हणजे गटांची सरासरी आणि गटातला फरक दाखवणारे आलेख, काढा (५ च्या गटासाठी गुणक ए-टू ०.५७७, डी-फोर २.११४) आणि सीपीके, म्हणजे माप ठरलेल्या मर्यादेत किती नीट बसते याचा आकडा, काढा. सीपीके १.३३ च्या खाली आला तर कारण शोधा: टूलची झीज, क्लॅम्पिंग की मोजणाऱ्याचा हात. आता रिझ्युमेवर ‘मेहनती, टीम प्लेअर’ च्या जागी ‘टर्निंगचे १०० नग मोजून कंट्रोल चार्ट व सीपीके काढला, टूलच्या झिजेमुळे सरकणारे माप दाखवले’ अशी ओळ येते. अर्थात निष्कर्ष तुमच्या मोजणीत निघेल तोच लिहा. मुलाखत घेणारा याच ओळीवर प्रश्न विचारतो आणि उत्तर तुमच्याकडे असते.

सोबत हे पक्के करा: पन्नास भागांच्या व्हर्निअरचे लीस्ट काउंट ०.०२ मि.मी. कसे येते, २५ मि.मी. एच-सेव्हन भोकाची मर्यादा (अधिक ०.०२१, शून्य), एच-सेव्हन/जी-सिक्स सैल आणि एच-सेव्हन/पी-सिक्स घट्ट का, फर्स्ट अँगल प्रोजेक्शन कसे ओळखायचे. मेंटेनन्सला ६२०५ बेअरिंगचा आतला व्यास विचारतात (शेवटच्या ०५ ला ५ ने गुणा, २५ मि.मी.), शिवाय पंपाचे कॅव्हिटेशन, व्ही-बेल्टचा ताण, सिलिंडर सरकत नसेल तर तपासणीचा क्रम. नवखे इथेच अडकतात. थर्मोडायनॅमिक्सची व्याख्या पाठ असते आणि हातात दिलेले ड्रॉइंग वाचता येत नाही.

आता नागपूरची गोष्ट. इथले बरेच काम पोर्टलवर येतच नाही. पन्नास-साठ माणसांचा कारखाना भरतीसाठी पोर्टलला पैसे भरत नाही. तिथे सुपरवायझर ओळखीत विचारतो, ठेकेदाराला सांगतो किंवा गेटवर आलेला बायोडेटा उघडतो. हिंगणा, बुटीबोरी आणि कळमेश्वर या तीन एमआयडीसी, आणि वर्धा रोडवरचे मिहान, हा तुमचा नकाशा. मिहानमधल्या आयटी कंपन्या सोडल्या तरी विमान देखभाल, विमानांचे सुटे भाग आणि औषधनिर्मिती तिथे आहे. अमरावती रोडवर बाजारगावकडे स्फोटकांचे कारखाने आहेत. वाडीला गोदामे आणि ट्रान्सपोर्ट, तिथे स्टोअर आणि डिस्पॅचची कामे निघतात. विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन आणि हिंगणा-बुटीबोरीच्या उद्योजक संघटनांच्या सदस्य कंपन्यांपासून यादी सुरू करा, नकाशावर प्लॉटप्लॉटने फिरून ती भरा. ६० नावांची यादी पुरते. मोठी नावे दहाच ठेवा, उरलेली त्यांना सुटे भाग, फॅब्रिकेशन, पॅकिंग, देखभाल पुरवणारी.

आठवड्याला दहा कंपन्या, त्याहून जास्त नकोत. आधी फोन करून क्वालिटी किंवा मेंटेनन्स बघणाऱ्याचे नाव आणि साप्ताहिक सुट्टी विचारा. औद्योगिक वसाहतीत सुट्टी रविवारीच असेल असे धरू नका. जायचे तर मंगळवार ते गुरुवार, साडेदहा-अकराला. सोमवारी सकाळी बैठका असतात आणि महिनाअखेरीस डिस्पॅचची घाई, तेव्हा कुणी वर बघत नाही. एचआरला बायोडेटा द्या, पण विभागप्रमुखाला दोन मिनिटे भेटता येईल का हेही विचारा. बोलायचे एवढेच: ‘सर, मेकॅनिकल आहे, क्वालिटीत काम करायचे आहे, नग मोजून चार्ट काढला आहे, शिफ्टला तयार आहे, उद्यापासून येऊ शकतो.’ हे हिंदीतही सरावात ठेवा, फ्लोअरवर बरेचदा हिंदीच चालते. हिंगण्याला लोकमान्य नगर मेट्रो स्टेशन जवळ पडते, मिहानला खापरी. बुटीबोरीला बर्डीहून २५-३० किलोमीटर जावे लागते, म्हणून तिथल्या चार-पाच भेटी एकाच दिवशी ठेवा.

वहीत रकाने आखा: तारीख, कंपनी, पद, कुणाशी बोललो, काय म्हणाले, पुन्हा कधी विचारायचे. सात दिवसांनी एक फोन, पंधरा दिवसांनी दुसरा, मग ते नाव बंद. सहा आठवड्यांनी तिन्ही दारांचे आकडे पुन्हा मांडा.

अप्रेंटिसशिपकडे ‘इंजिनिअर होऊन शिकाऊ कशाला’ म्हणून पाठ फिरवू नका. केंद्र सरकारच्या नॅट्स या अप्रेंटिसशिप पोर्टलवर पदवीधर आणि पदविकाधारकांसाठी एका वर्षाची जागा निघते. २०१९ च्या नियमांत पदवीधराला किमान ९,००० आणि पदविकाधारकाला ८,००० रुपये विद्यावेतन होते, सध्याचा आकडा पोर्टलवर बघा. पैसा कमी आहे, पण वर्षाअखेरीस प्रमाणपत्र हातात येते आणि ‘अनुभव शून्य’ची चाळणी ओलांडता येते. कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रे, कोळसा आणि संरक्षण क्षेत्रातले सरकारी उपक्रम यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. आधीच वर्षभराचा अनुभव असलेल्याला अशा जाहिरातींत बहुधा अपात्र ठरवतात, म्हणजे ही वाट आत्ताच उघडी आहे. राज्याची २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही महास्वयं पोर्टलवर बघा. पण तिथे कार्यालयातली टायपिंगची जागा मिळत असेल तर मेकॅनिकलवाल्याला ती फारशी उपयोगाची नाही.

ऑफर आली की सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) ऐकून होकार देऊ नका. २ लाख ४० हजारांचे, म्हणजे महिना २०,००० चे उदाहरण घ्या, बेसिक १२,०००. त्यातून कंपनीचा पीएफ १,४४०, ग्रॅच्युइटी ५७७ आणि ईएसआयसी (कामगार विमा) ५६६ आधीच वजा, म्हणजे ग्रॉस १७,४१७. त्यातून तुमचा पीएफ १,४४०, ईएसआयसी १३१, व्यवसाय कर २०० (मुलींना २५,००० पर्यंत हा कर नाही). हातात सुमारे १५,६५०. बुटीबोरीला स्वतःच्या गाडीने रोज ५५ किलोमीटर धरले तर पेट्रोलचे महिन्याला तीन हजार जातात. म्हणून कंपनीची बस आहे का, कॅन्टीनचे पैसे कापतात का, आठ तासांवरच्या कामाचे काय, हे सहीआधी विचारा. पहिल्या नोकरीत हजार-दोन हजारांसाठी अडून बसू नका, पण पीएफशिवायची नोकरी घेऊ नका. पुढच्या कंपन्या अनुभव बरेचदा यूएएनवरून (पीएफचा कायमचा क्रमांक) तपासतात.

ठेकेदाराच्या रोलवर घेत असतील तर पगार कोण देणार आणि अनुभवपत्र कुणाच्या लेटरहेडवर मिळणार, हे लेखी घ्या. ईपीएफओच्या संकेतस्थळावर आस्थापना शोधली की कोणत्या महिन्याचा पीएफ किती कर्मचाऱ्यांसाठी भरला ते दिसते. ‘आमच्याकडे दोनशे माणसे’ म्हणणाऱ्याचा भरणा नऊ जणांचा दिसला, तर काय ते समजून घ्या.

नोकरीसाठी कुणालाही एक रुपया देऊ नका. नोंदणी फी, लॅपटॉपची अनामत, गेट पासचे शुल्क, ‘रेल्वेत सेटिंग’ ही सगळी फसवणूकच आहे. मूळ गुणपत्रिका ठेवून घेणाऱ्याकडे रुजू होऊ नका. दाखवायच्या, झेरॉक्स द्यायची, परत घ्यायच्या. ऑनलाइन पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता सर्वात जास्त असते.

जावाच्या कोर्सबद्दल माझे उत्तर नाही असे आहे. कोडिंगची खरी ओढ असती तर चौदा महिन्यांत तुम्ही फुकट साहित्यावर काहीतरी लिहिले असते. तिथेही बॅचवर्षाची तीच अट आहे आणि संगणकाचे पदवीधर रांगेत तुमच्या पुढे आहेत. तरीही जाणार असाल तर करारात ‘प्लेसमेंट’ आहे की ‘प्लेसमेंट साहाय्य’, ते वाचा. दुसऱ्याचा अर्थ चार ईमेल पाठवणे एवढाच निघू शकतो. फी हप्त्यांत म्हणजे बहुधा फायनान्स कंपनीचे तुमच्या नावावरचे कर्ज असते. क्लास बंद पडला तरी हप्ता चालू राहतो आणि चुकला तर सिबिल बिघडते.

पुण्याला जा, पण रिकाम्या हाताने नको. प्रोफाइलवर पुणे टाका आणि एका आठवड्यात किमान तीन मुलाखती ठरल्या की आठ दिवसांसाठी जा. चाकणला कॉट घेऊन ‘तिथे गेल्यावर बघू’ केले, तर दोन महिन्यांत डिपॉझिट आणि मेसच्या पैशांतच बचत संपते आणि मिळेल ते काम धरावे लागते.

परीक्षा द्यायची तर एकाच अभ्यासक्रमाभोवती. एसएससी जेईच्या (केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनची कनिष्ठ अभियंता परीक्षा) पहिल्या पेपरात २०० पैकी १०० गुण अभियांत्रिकीचे असतात, रेल्वे जेईच्या दुसऱ्या टप्प्यात १५० पैकी १००. म्हणजे एक तांत्रिक तयारी दोन्हीकडे चालते, आणि तीच मुलाखतीलाही लागते. त्यासाठी सकाळचे तीन तास ठेवा. राज्यसेवेचा इतिहास-राज्यशास्त्राचा डोंगर यात मिसळू नका. तो पूर्णवेळचा निर्णय आहे आणि घरच्यांशी वर्ष व खर्च ठरवूनच घ्यायचा असतो. वडिलांना ही वही दाखवा. मुलगा दिवसभर काय करतो हे दिसत नाही, म्हणून घरी ताण वाढतो.

या आठवड्यात यादीतली पहिली वीस नावे आणि नोटपॅडची तपासणी एवढेच करा. सहा आठवड्यांनी तिन्ही दारांचे नवे आकडे इथेच लिहा. फोन वाढलेले असतील आणि निवड होत नसेल, तर मुलाखतीत विचारलेले प्रश्न जसेच्या तसे टाका, त्यावर बोलू.