पोलंडमधला 'पोव्यात' म्हणजे आपला जिल्हा की तालुका?

आकार बघाल तर तालुका, अधिकार बघाल तर धड दोन्ही नाही. मी दोन वर्षं ईशान्य पोलंडमधल्या ब्याविस्तोक शहरात नोकरीला होतो. सुट्टीत बेलारूसच्या सीमेवरच्या हायनुव्का पोव्यातात वरचेवर जायचो, म्हणून तिथलंच सांगतो.

क्षेत्रफळ 1600 चौरस किलोमीटरच्या वर, वस्ती जेमतेम चाळीसेक हजार, आणि त्यात 9 ग्मिना. ग्मिना म्हणजे बऱ्याच गावांची मिळून एक ग्रामपंचायत समजा, पण घरपट्टी, शेतसारा, वनकर असं स्वतःचं उत्पन्न असलेली. पोव्याताला स्वतःचा एकही कर नाही. आयकरातला वाटा आणि सरकारी अनुदान यांवर त्याने माध्यमिक शाळा, दवाखाना, रस्ते, बांधकाम परवाने आणि गाड्यांची नोंदणी सांभाळायची. तिथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'बीएचए' दिसतं: बी प्रांताचा, एचए हायनुव्काचा.

प्रमुखाला स्तारोस्ता म्हणतात. राजेशाहीत हा राजाने नेमलेला माणूस असे. आज लोक सदस्य निवडून देतात आणि सदस्य स्तारोस्ता निवडतात. म्हणजे कलेक्टरला शोधत गेलात तर भेटणार झेडपी अध्यक्ष!

हायनुव्का हे मूळचं शेजारच्या ब्येल्स्क पोव्यातातलं खेडं. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी जंगलातलं लाकूड ओढायला इथे अरुंद रेल्वे टाकली, सॉ मिल उभ्या केल्या आणि गाव फुगलं. 1951 ला शहराचा दर्जा मिळाला, पुढे काही वर्षांत स्वतंत्र पोव्यातही झाला. 1975 ला कम्युनिस्ट सरकारने देशभरातले पोव्यातच मोडीत काढले. ते परत आले थेट 1 जानेवारी 1999 ला. त्याच दिवशी 49 प्रांतांचे 16 झाले.

एवढ्याशा पोव्याताकडे एक हुकमी पत्ता मात्र आहे. ब्यावोव्येझाचं प्रसिद्ध जंगल, रानगव्यांचं, सीमेपलीकडे बेलारूसमध्येही पसरलंय. त्याचा पोलंडकडचा भाग बहुतेक याच हद्दीत येतो, पण त्या भागाचा साधारण सहावा हिस्साच राष्ट्रीय उद्यान आहे. ते वाढवायचं तर कायद्याने ग्मिना, पोव्यात आणि प्रांत या तिघांच्या सभांची संमती लागते. वॉर्सातल्या मंत्र्याच्या एकट्याच्या सहीने भागत नाही. शहरातल्या पर्यावरणवाद्यांना याचा भयंकर राग येतो. मला तितका येत नाही. ज्या गावाचं पोट लाकडावर भरलं, तिथे जंगलाला कुंपण घालण्याआधी विचारायला नको?